एकतीस नंबरचं बोलावणं

१

रेडिओवरच्या बाईंनी लंडनमधल्या एकूण एक बस बंद असल्याचं सांगितलं, तेव्हा मी पलंगावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. लग्न झालेल्या, तिशी गाठलेल्या बाईला हे शोभत नाही हे मलाही कळतं. पण खिडकीबाहेर हाउन्सलोचा तो कळकट रस्ता पार नाहीसा झाला होता. गाड्या, कचऱ्याचे डबे, समोरच्यांची मोडकी सायकल, सगळं एकाच पांढऱ्या रंगात बुडालं होतं, आणि वरून आणखी पडतच होतं. असा बर्फ इथे अठरा वर्षांत पडला नव्हता म्हणे. मी तर जन्मात पहिल्यांदा बघत होते.

"नाच तू," सुश्रुत टाय बांधत म्हणाला. "मला क्रॉयडनला पोचायचंय."

आमचा व्हिसा संपायला नऊ दिवस उरले होते. मुदतवाढीसाठी क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात अकराची अपॉइंटमेंट होती, ती दीड महिन्याच्या फोनाफोनीनंतर मिळालेली. आज चुकली तर पुढची तारीख कधी मिळेल कोण जाणे. नाहीच मिळाली तर बॅगा भरायच्या. त्याने पासपोर्टांची निळी फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि पुण्याहून आणलेले तपकिरी लेदरचे बूट पायांत चढवले. बर्फात चालायचे बूट आमच्याकडे नव्हतेच.

"ट्रेन चालू आहेत का पण?"

"काही आहेत, काही नाहीत. निघाल्याशिवाय कसं कळणार? येतो गं."

तो गेला आणि मला आठवलं, आज रथसप्तमी. म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. परदेशातलं माझं पहिलं हळदीकुंकू मी मुद्दाम आज ठेवलं होतं. वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. तिळाच्या वड्या जमल्या नव्हत्या, पण लाडू फक्कड झाले होते. नऊ वाजल्यापासून फोन सुरू झाले. ईलिंगच्या मधुमतीकाकू तीस वर्षं इथे आहेत, त्यांचा शब्द म्हणजे आमच्या गोतावळ्यात निकाल.

"अगं निवेदिता, आमची गाडी ड्राइव्हमधून हलत नाहीये. कॅन्सल कर बाई. पुढच्या वर्षी कर."

पुढच्या वर्षी म्हणे. पुढच्या वर्षी आम्ही इथे असू की नाही, त्याचाच तर आज निकाल होता. मला भयंकर राग आला. आणि राग आला की मला काहीतरी सुचतंच. सगळा देश आज घरात अडकलाय ना? मग आपल्या रस्त्यावरच्याही सगळ्या बायका घरातच असणार.

२

संक्रांतीची काळी साडी, लाल काठांची. वर कोट, पायांत ट्रेनर्स, हातात कोयरी. अशा अवतारात मी घरोघर बोलावणं करत निघाले. रस्त्यावर मी एकटी. पाय घोट्यापर्यंत आत जायचे आणि प्रत्येक पावलाला करकर आवाज व्हायचा. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मी म्हणतही होते.

कोपऱ्यावरची श्रद्धा नागपूरची, ती उड्याच मारायला लागली. पंचवीस नंबरच्या डोरीनबाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांना एवढंच कळलं की चहा आहे, तेवढं त्यांना पुरलं. पस्तीस नंबरच्या दोन पोलिश मुलींनी, काय घालून यायचं, असं विचारलं. सत्तावीस नंबरच्या मनजीत आंटी आणि त्यांची सून खालच्या दुकानात दूध शोधायला गेल्या होत्या. त्यांच्या घरी निरोप ठेवला.

राहिलं एकतीस. आमचं एकोणतीस, म्हणजे एकतीसची आणि आमची भिंत एकच. घरंही आरशात पाहावं तशी एकमेकांची उलटी, दारं एकाच गडद हिरव्या रंगाची. आम्ही नोव्हेंबरात राहायला आलो तेव्हापासून तिथलं कोणी नजरेला पडलं नव्हतं. पण भिंतीपलीकडून जिन्यावरची पावलं ऐकू यायची. असेल कोणी एअरपोर्टवर शिफ्टला जाणारं. या रस्त्यावरची निम्मी माणसं तशीच, नावं कळायच्या आत घर बदलतात.

मी बेल दाबली. ती वाजली नाही. मग दार ठोठावलं. आत जिन्यावरून कोणीतरी खाली उतरू लागलं. सावकाश, एकेक पायरी मोजत असल्यासारखं. पावलं दारामागे येऊन थांबली. मी हसरा चेहरा करून उभी राहिले. दार उघडलं नाही.

"नेक्स्ट डोअर," मी म्हटलं. "टी पार्टी अ‍ॅट थ्री. फॉर लेडीज."

 एखादी बुजरी बाई असेल, किंवा रात्रपाळी करून आलेली. साताऱ्याला माझ्या आईचा एक नियम होता. दार बंद असलं तरी बोलावणं चुकवायचं नाही, कडीला हळदीकुंकू लावायचं आणि पुढे जायचं. घरच्या बाईला कळतं कोण येऊन गेलं ते. इथल्या दाराला कडी कुठली असायला? पत्र टाकायची पितळी झडप होती. मी तिच्यावर एक बोट हळदीचं आणि एक कुंकवाचं टेकवलं.

झडप कोमट होती.

कोयरी धरून माझी बोटं गारठली होती, म्हणून तसं वाटलं असेल. मी पुढे निघाले. जाताना स्वतःवरच खूश होते, आईला फोनवर हे सांगायचं ठरवत होते.

३

फाटकापाशी मनजीत आंटी भेटल्या. दुधाचे दोन कॅन छातीशी धरून, बर्फावर जपून पावलं टाकत येत होत्या. मी आमंत्रण दिलं, त्यांनी आनंदाने घेतलं आणि मग माझ्या मागे बोट दाखवलं.

"वहाँ किसको बुलाने गयी थी बेटा? वो तो खाली पडा है. पिछली गर्मियों से."

"पण आत कोणीतरी जिना उतरलं, आंटी. मी ऐकलं."

"गॅस कटा हुआ है, बिजली कटी हुई है. पाइप बजते होंगे." त्या हसल्या. "ठंड में सब घर बोलते हैं."

हे मला पटलं. पटणारच, मी इंजिनिअर आहे. थंडीने पाइप आकसतात, लाकडी जिने कुरकुरतात. शिवाय घरं एकमेकांना चिकटलेली, म्हणजे आमच्याच जिन्याचा आवाज भिंतीतून फिरून येत असणार. फक्त आमच्या जिन्यावर त्या वेळी कोणी नव्हतं. आणि गॅस कापलेल्या घराची झडप कोमट कशी? माझी बोटं गार होती म्हणून. हे उत्तर मी स्वतःला तीनदा दिलं आणि तिसऱ्यांदा जरा मोठ्याने दिलं.

साडेबाराला सुश्रुतचा फोन आला आणि मी सगळं विसरले.

"झालं," तो म्हणाला. "झालं काम. शिक्का मारून दिला. निम्मे लोक आलेच नव्हते, रांगच नाही. अजून तीन वर्षं आहोत आपण इथे."

मी किंचाळले. रडलेही थोडी. त्याला घरी यायला वेळ लागणार होता. मिळाली तर रिचमंडपर्यंत गाडी, तिथून पुढे चालत. "फोनची बॅटरी संपत आलीय. आता पोचल्यावरच करतो," तो म्हणाला.

"मला सगळं ऐकायचंय. पहिल्यापासून. दुसऱ्या कोणाला आधी सांगायचं नाही."

"इथे आहे कोण दुसरं?" तो हसून म्हणाला.

४

माझं हळदीकुंकू झकास झालं. डोरीनबाईंनी कपाळावरचं कुंकू आरशात तीनदा पाहिलं. गुलाबपाणी उडवल्यावर पोलिश मुली खिदळल्या. मनजीत आंटींच्या सुनेने चार लाडू खाल्ले आणि दोन बांधून नेले. सहाजणींना सहा गाळण्या दिल्या. ताटात सातवी राहिली. तिच्याकडे माझं लक्ष दोनदा गेलं आणि दोन्ही वेळा मी कोणालातरी आणखी चहा विचारला.

चारच्या सुमारास बायका गेल्या. बाहेर पुन्हा जोरात भुरभुरायला लागलं होतं, उजेड निळसर झाला होता. श्रद्धा कप विसळायला थांबली होती. मी सहज जिन्याखालच्या आरशात पाहिलं.

माझ्या कपाळावर दोन बोटं होती. म्हणजे कुंकवाच्या दोन टिकल्या, एकीवर एक.

"श्रद्धा, तू मला दोनदा लावलंस का गं?"

"नाही बा. एकदाच. तू मला लावलं, मी तुला लावलं, बस." ती टॉवेलला हात पुसत आली. "बाकीच्यांना कुठे माहिती उलट लावतात म्हणून? तूच लावलं असशील धांदलीत."

शक्य होतं. मी दिवसभर वाऱ्यावरच होते. मी वरच्या टिकलीला बोट लावलं. ती ओली होती आणि तिच्याखालची कातडी गरम होती. ताप आल्यावर लागते तशी, पण तेवढ्याच एका जागी.

"तुझा चेहरा असा काय झाला?" श्रद्धाने विचारलं.

"दमले असेन."

तिला दारापर्यंत पोचवलं. ती गेल्यावर घर फार शांत झालं. आणि मग भिंतीपलीकडे, अगदी माझ्या खांद्याच्या उंचीवर, कोणीतरी कप मांडायला लागलं. एक, दोन, तीन. बशीवर बशी. मी हातातली बशी खाली ठेवली. पलीकडेही एक बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

पाइप, मी म्हटलं. मला माझाच आवाज आवडला नाही.

५

पावणेपाचला फोन वाजला. सातवी गाळणी आणि तिच्यावरचा लाडू आवरून ठेवावा म्हणून मी हातात घेतला होता. तसाच फोन कानाला लावला.

"पोचलो गं बाई. दार उघड. पायांचे दगड झालेत."

मी धावले. धावतच दार उघडलं. पायरीवर कोणी नव्हतं. बर्फ आडवा येत होता आणि त्यातून समोरचं घरसुद्धा धड दिसत नव्हतं.

"कुठे आहेस?"

"दारातच. नंबर तर सगळे बर्फाने बुजलेत, काही म्हणजे काही कळत नव्हतं." तो धापा टाकत हसत होता. "बरं झालं तू कुंकू लावून ठेवलंस दाराला. म्हटलं, या रस्त्यावर दुसरं कोण लावणार?"

 मी सांगायला हवं होतं, मागे हो. पण तेवढ्यात फोनमधून कुलूप फिरल्याचा आवाज आला. तोच आवाज मला उजव्या हाताला, बर्फातूनही ऐकू आला.

"अरे वा," सुश्रुत म्हणाला, आणि तो माझ्याशी बोलत नव्हता. "काय मस्त ऊब आहे गं आत."

फोन बंद पडला.

६

दोन फाटकांमधलं अंतर सात पावलं आहे. मी पायांत काही न घालता ते कसं कापलं मला आठवत नाही. एकतीसचं दार सताड उघडं होतं. दारातून ऊब येत होती, स्वयंपाकघरातून यावी तशी, तिळगुळाच्या वासाची. पायरीवरचा बर्फ वितळून पाणी झालं होतं.

आत आमचंच घर होतं, फक्त उलटं. जिना डावीकडे, खुंट्या उजवीकडे. वीज नव्हती, तरी पॅसेजच्या टोकाला स्वयंपाकघरात पिवळा उजेड होता. सुश्रुत खालच्या पायरीवर बसला होता. आमच्या घरात शिरताना बसतो तसाच. एक बूट काढून त्याने कडेला नीट ठेवला होता, दुसऱ्याची नाडी सोडत होता आणि मान वर करून आत बघत बोलत होता.

"...मग तो माणूस म्हणाला, सर, यू आर माय ओन्ली वन धिस अवर. तुला पहिल्यापासून सांगतो ना."

माझी बातमी. दीड महिना मी जिची वाट पाहिली ती बातमी तो तिला सांगत होता. मला भीती वाटायच्या आधी संताप आला, आणि आज मला वाटतं त्या संतापानेच मला उभं ठेवलं.

स्वयंपाकघराच्या चौकटीआडून एक हात पुढे झालेला होता. बूट मागावा तसा तळवा वर केलेला. हातावरून काळ्या साडीचा पदर लोंबत होता, लाल काठांचा. मी खाली पाहिलं. माझा पदर माझ्या खांद्यावरच होता.

"सुश्रुत."

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा आत पाहिलं. मग माझ्याकडे. त्याच्या डोळ्यांत मला ओळख दिसली, पण ती दोन्हीकडे सारखीच होती. दोघींपैकी कोणाचं ऐकावं हे ठरवत असल्यासारखा तो नाडी हातात धरून बसून राहिला. आतला हात थोडा आणखी पुढे आला. तो घाईत नव्हता.

तेव्हा माझ्या हातात काय आहे ते मला कळलं. बोलावलं मीच होतं. ती आली होती, मला कुंकू लावून गेली होती, आणि मी तिला रिकाम्या हाताने पाठवलं होतं. आईने माझी सालटी काढली असती. मी वाकले, गाळणी आणि लाडू उंबऱ्याच्या आत ठेवला. आत माझी फक्त बोटं गेली, ती भाजल्यासारखी झाली.

"तुमचं वाण राहिलं होतं," मी म्हटलं.  "घ्या. तिळगूळ घ्या. झालं आमचं हळदीकुंकू."

हात थांबला. मग खाली, लाडवाच्या दिशेने वळला. वळताना चौकटीतून खांदा बाहेर आला, आणि त्यावर जे होतं ते मी पाहिलं एवढंच सांगते, कारण मी लगेच डोळे मिटले आणि सुश्रुतची कॉलर धरून ओढलं. सगळ्या अंगाने ओढलं. तो उंबऱ्यावरून माझ्या अंगावर पडला आणि आम्ही दोघं बर्फात कोसळलो. मागे दार लागलं. आपटलं नाही. पाहुणे गेल्यावर लावतात तसं हलकेच लागलं.

घरी आणून मी त्याला तीन पांघरुणांत गुंडाळलं. निळी फाइल कोटात शाबूत होती. तो थट्टेवारी नेत होता, अंधारात घर चुकलो, तू काय एवढं करतेस. डाव्या पायात फक्त मोजा होता.

"माझा बूट," तो म्हणाला.

"राहू दे तिथेच," मी म्हटलं. आणि त्याला मिठी मारून इतकी रडले की तो घाबरला.

७

महिन्याभरात आम्ही ईलिंगला घर घेतलं, मधुमतीकाकूंच्या मागच्या गल्लीत. पहिला मजला, रंग वेगळा, रचना वेगळी. एकतीस नंबरबद्दल मी कोणाला बोलले नाही. सुश्रुतला त्या पाच मिनिटांतलं काही आठवत नसे. फक्त तो उरलेला तपकिरी बूट त्याने टाकला नाही. मी दोनदा कचऱ्यात टाकला, दोनदा तो रॅकवर परत आला. "जोडी आहे गं ती," तो म्हणायचा. मी वाद घातला नाही. माणूस वाचला होता, बूट गेला तर गेला.

यंदाच्या जानेवारीत पुन्हा देशभर बर्फ झाला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी जाग आली ती त्याच उजेडाने, छतावर पडलेल्या पांढऱ्या. मला राहवलं नाही, मी खिडकीत धावलेच. सगळं बुडालेलं. मी टाळ्या वाजवल्या आणि सुश्रुतला हाक मारली. तो उठलेला होता. पलंगाची त्याची बाजू रिकामी होती.

मी खोलीतून बाहेर आले. आमच्या फ्लॅटच्या दाराला पत्रांची झडप आहे, साधी, पांढऱ्या रंगाची. तिच्यावर एक बोट हळदीचं होतं आणि एक कुंकवाचं. दोन्ही ओली होती. आणि मी अजून घराच्या आत उभी होते, म्हणजे ती झडपेच्या आतल्या बाजूला होती.

सुश्रुत दाराशी स्टुलावर बसला होता. कोट घातलेला, मफलर गुंडाळलेला, चेहरा न्हाऊन आल्यासारखा ताजा. उजव्या पायात तपकिरी बूट होता आणि त्याची नाडी तो काळजीपूर्वक बांधत होता. डाव्या पायात मोजा.

"कुठे निघालास?" मी विचारलं.

त्याने मान वर केली आणि मला बघून फार गोड हसला.

"अगं, बोलावणं आलंय ना," तो म्हणाला. "आणि दुसरा बूट तिथेच आहे."